हुडकेश्वर मार्ग : रस्ता आधी जमिनीखाली बांधावा लागतो

प्रतिनिधी, नागपूर

म्हाळगीनगर चौकातून दक्षिणेकडे वळले की हुडकेश्वर मार्ग लागतो. रिंग रोडच्या आतले जुने नागपूर आणि गेल्या दोन-तीन दशकांत रिंग रोडच्या बाहेर वाढलेले नवे नागपूर यांना जोडणारा हा रस्ता. सकाळी शाळेच्या व्हॅन, शिकवणी वर्गाला निघालेले सायकलस्वार, कार्यालय गाठण्याच्या घाईतील दुचाक्या आणि नव्या बांधकामांवर विटा-रेती नेणारे ट्रक अशा एकाच पट्ट्यातून वाट काढतात. अशा रस्त्याची चर्चा निघाली की पहिला प्रश्न असतो तो डांबराचा की सिमेंटचा, हा. त्याच्या पोटात काय आहे आणि त्याच्या रुंदीत कोणाचा किती वाटा आहे, हे प्रश्न सहसा काम संपल्यावर, पहिली जेसीबी आल्यावर विचारले जातात. तोवर उशीर झालेला असतो.

शहरातील वाढत्या भागाचा रस्ता नव्याने बांधायचा म्हणजे नेमके काय करायचे, कामाचा क्रम कसा असावा आणि तो चुकला तर किंमत कोण मोजतो, हे समजून घेण्यासाठी हुडकेश्वरसारखे उदाहरण दुसरे नाही.

उलट्या क्रमाने वसलेले शहर

हुडकेश्वर आणि नरसाळा या दोन ग्रामपंचायतींचा समावेश नागपूर महापालिकेत २०१३ मध्ये झाला. वस्ती मात्र त्यापूर्वीच शहरी झाली होती. दक्षिण नागपुरात शेतजमिनींचे ले-आऊट पडले, भूखंड विकले गेले, घरे उभी राहिली. त्यानंतर विजेचे खांब आले, मुरमाचे रस्ते झाले, त्यावर डांबर पडले. घरोघरी बोअरवेल आणि सेप्टिक टँक हीच पाण्याची व सांडपाण्याची व्यवस्था होती. नळाची वाहिनी त्यानंतर आणि गडर लाइन सर्वांत शेवटी, असा हा प्रवास आहे. अनधिकृत ले-आऊट नियमित करण्यासाठी राज्याला २००१ मध्ये गुंठेवारी कायदा करावा लागला, यावरून हा प्रश्न किती व्यापक होता हे लक्षात येते.

नियोजनशास्त्रात हा क्रम नेमका उलटा असतो. आधी मलवाहिनी, मग पावसाळी नाली, नंतर जलवाहिनी, वीज व दूरसंचाराच्या तारा, त्यावर रस्ता आणि सर्वांत शेवटी घरे. आपल्याकडे घरे आधी आली, म्हणून प्रत्येक नवी सुविधा जुन्या रस्त्याची छाती फोडूनच आणावी लागते.

त्यात यंत्रणा अनेक. नागपूर सुधार प्रन्यास १९३६ पासूनची, महापालिका १९५१ पासूनची. शहराच्या हद्दीबाहेरच्या क्षेत्रासाठी २०१७ मध्ये नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले. काही रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, वीज महावितरणकडे, दूरसंचाराच्या तारा खासगी कंपन्यांकडे. प्रत्येकाचे अंदाजपत्रक वेगळे, निविदा वेगळी आणि मुहूर्तही वेगळा. रस्ता मात्र एकच.

सिमेंट म्हणजे तीस वर्षांचा निर्णय

नागपूरने गेल्या काही वर्षांत सिमेंट रस्त्यांची वाट मोठ्या प्रमाणावर धरली. खड्ड्यांपासून सुटका आणि कमी देखभाल ही त्यामागची कारणे रास्त आहेत. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकांनुसार काँक्रीट रस्त्याचे आयुष्य साधारण ३० वर्षे धरले जाते. हे त्याचे बलस्थान आहे आणि धोक्याची घंटाही तीच आहे.

डांबरी रस्ता खोदला तर तो पुन्हा बुजवता येतो. ठिगळ दिसते, पण काम भागते. काँक्रीटचे तसे नाही. त्याची रचना सलग चादरीसारखी नसून सांधे सोडलेल्या मोठ्या लाद्यांसारखी असते. लादीचा एक तुकडा कापून वाहिनी टाकली की त्या लादीची भार वाहण्याची शक्ती घटते, कडा झिजतात आणि सांध्यातून पाणी खाली झिरपते. नीट दुरुस्ती करायची तर बहुधा अख्खी लादी काढून नवी ओतावी लागते, ती पाण्याने भिजवत ठेवावी लागते आणि पूर्ण बळ येईपर्यंत सुमारे २८ दिवस वाट पाहावी लागते.

यावरून एक साधा नियम निघतो. काँक्रीट ओतण्याच्या दिवशी जे जमिनीखाली नसेल, ते पुढची तीस वर्षे एक तर येणार नाही किंवा रस्ता फोडून येईल. पदपथ, बसथांबा आणि सायकल मार्गालाही हाच नियम लागू आहे. त्या दिवशी ज्याला जागा मिळाली नाही, त्याला ती नंतर कोणी देत नाही.

हुडकेश्वर परिसरासाठी हा मुद्दा आजचा आहे. दक्षिण नागपुरातून वाहणारी पोहरा नदी पिपळा फाटा, नरसाळा या बाजूने पुढे जाते आणि आजूबाजूच्या वस्त्यांचे सांडपाणी तिला मिळते. या नदीच्या खोऱ्यात मलवाहिन्यांचे जाळे टाकण्याच्या प्रकल्पाला केंद्राच्या 'अमृत' योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातून मंजुरी मिळालेली आहे. म्हणजे रस्त्यांखाली मोठ्या वाहिन्या जाणार हे ठरलेले आहे. त्या टाकण्यापूर्वी वरचा रस्ता पक्का करणे म्हणजे आज बांधून उद्या फोडण्याची तरतूद करणे होय.

जमिनीखालचा हिशेब

जमिनीखालच्या वाहिन्यांना स्वतःचे नियम असतात. मलवाहिनी उताराने वाहते. तिला पंपाचा दाब नसतो, त्यामुळे तिचा उतार राखावा लागतो आणि ती सर्वांत खोल जाते. एकदा तिची पातळी ठरली की बाकीच्या वाहिन्यांनी तिच्याशी जुळवून घ्यायचे. पावसाळी नालीही उतारावरच चालते. जलवाहिनीत दाब असल्याने ती चढ-उतार सहन करते, म्हणून ती वरच्या थरात आणि मलवाहिनीपासून शक्य तितक्या अंतरावर ठेवायची असते.

हे अंतर केवळ कागदी नाही. जेथे नळाला ठराविक वेळीच पाणी येते, तेथे पुरवठा थांबल्यावर वाहिनीतील दाब उतरतो. अशा वेळी वाहिनीला कोठे बारीक गळती असेल, तर बाहेर साचलेले दूषित पाणी आत ओढले जाते आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या धारेबरोबर ते घरात पोहोचते. गॅस्ट्रो आणि काविळीच्या साथीचा उगम अनेकदा असाच शेजारी-शेजारी टाकलेल्या नळात आणि गडर लाइनमध्ये असतो. रस्ता नव्याने बांधताना या दोघांना वेगळे करण्याची जी संधी मिळते, ती पुन्हा लवकर येत नाही.

वीज आणि दूरसंचाराच्या तारांसाठी उपाय सोपा आहे. पदपथाखाली आडव्या पोकळ नळ्या टाकायच्या, ठराविक अंतरावर झाकणे असलेली चेंबर ठेवायची आणि थोड्या नळ्या रिकाम्या सोडायच्या. नवी तार टाकायची झाल्यास झाकण उघडून ती ओढून घेता येते. रस्त्याच्या आरपार जाणाऱ्या नळ्याही आधीच टाकून ठेवल्या, तर समोरच्या घराला जोडणी देण्यासाठी काँक्रीट कापावे लागत नाही.

आणखी एक स्थानिक बाब म्हणजे माती. नागपूर परिसरातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. वाहिनीसाठी खोदलेला चर त्याच मातीने घाईघाईत बुजवला, तर पहिल्याच पावसाळ्यात तो खचतो. मुरमाचे थर देऊन प्रत्येक थर दाबून घेतला, तरच वरचा रस्ता टिकतो. खड्ड्याचे मूळ अनेकदा डांबराच्या दर्जात नसते, खालच्या न दाबलेल्या चरात असते.

रस्ता उंच, घर खाली

नागपुरात सिमेंट रस्त्यांविषयी सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार आहे ती उंचीची. जुना थर न काढता त्यावर नवा थर चढवला की रस्ता वर जातो आणि अंगण खाली राहते. मग पावसाचे पाणी रस्त्याकडून नालीत जाण्याऐवजी फाटकातून घरात शिरते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे झालेल्या अतिवृष्टीत अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या, हे नागपूरकर विसरलेले नाहीत. त्या पुराची कारणे अनेक होती. पण पाण्याला जायला वाट ठेवली नाही तर ते स्वतःची वाट शोधते, हा धडा प्रत्येक गल्लीला लागू पडतो.

म्हणून रस्त्याची पातळी ठरवण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या घरांच्या जोत्यांची उंची मोजायला हवी. जुना थर खरवडून किंवा खोदून काढायला हवा. रस्त्याला मध्यापासून कडेकडे उतार हवा आणि कडेला पाणी आत घेणारी तोंडे हवीत. नाली बांधली, पण तिच्यात पाणी शिरायला तोंडच ठेवले नाही, अशी कामेही शहरात पाहायला मिळतात. झाडांच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट भिडवू नये, बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवावी, असे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या संदर्भात दिले होते. ज्या शहरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तेथे सावली ही चैन नाही. पायी चालणाऱ्याची आणि बसची वाट पाहणाऱ्याची ती गरज आहे.

मेट्रो दूर, बस जवळ

नागपूर मेट्रोची पहिली प्रवासी फेरी मार्च २०१९ मध्ये सुरू झाली आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी पहिला टप्पा पूर्ण झाला. उत्तर-दक्षिण मार्गिका ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी, तर पूर्व-पश्चिम मार्गिका प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर अशी आहे. दुसऱ्या टप्प्याचे विस्तार कन्हान, बुटीबोरी, हिंगणा आणि ट्रान्सपोर्टनगर या दिशांना आहेत. नकाशावर पाहिले तर हुडकेश्वरचा कोपरा यांपैकी कोणत्याच मार्गिकेवर येत नाही. या भागातील सार्वजनिक वाहतूक म्हणजे महापालिकेची शहर बस, हे वास्तव मान्य करूनच रस्त्याची आखणी करावी लागेल.

बसला वेग हवा असतो तो दोन थांब्यांमधला नव्हे, थांब्यावरचा. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला आत खोबण करून बसथांबा बांधण्याची पद्धत आहे. पण त्या खोबणीत ऑटो आणि दुचाक्या उभ्या राहतात; बस बाहेरच थांबते आणि प्रवासी रहदारीतून धावत बस गाठतात. बस आत शिरलीच, तर पुन्हा मुख्य रहदारीत येण्यासाठी तिला ताटकळावे लागते. त्यापेक्षा पदपथच थांब्यापाशी थोडा पुढे आणला, तर बस सरळ रेषेत थांबते आणि सरळ निघते. प्रवाशाला उभे राहायला जागा मिळते आणि तेथे वाहन उभे करायला वावच राहत नाही.

महाराष्ट्राला बसमार्गांचा कडू-गोड अनुभव पुण्याने दिला आहे. देशातील पहिला बीआरटी मार्ग २००६ च्या अखेरीस पुण्यात प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. पण मार्गांचे जाळे सलग झाले नाही, चौकांचा प्रश्न सुटला नाही आणि नगर रस्त्यावरील मार्गाचा काही भाग २०२३ मध्ये काढून टाकण्यात आला. बससाठी वेगळी जागा देणे चूक नव्हते. ती तुकड्यातुकड्यांत देणे चूक ठरले.

सायकल कोणाची, जीव कोणाचा

सायकल मार्ग म्हटले की रविवारी सकाळी हेल्मेट घालून निघणारे हौशी सायकलस्वार डोळ्यांपुढे येतात. हुडकेश्वरसारख्या भागात सायकल चालवणारा वेगळा आहे. शाळकरी मूल, बांधकामावरचा मजूर, वृत्तपत्र आणि दूध टाकणारा मुलगा यांच्यासाठी ती व्यायामाचे साधन नसून वाहन आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांतील सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरील होते आणि १९.५ टक्के पादचारी. म्हणजे रस्त्यावर मरणाऱ्या दर दहा जणांपैकी सहाहून अधिक जण असे, ज्यांच्याभोवती लोखंडी पत्र्याचे कवच नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर प्राणघातक अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. गुळगुळीत, रुंद आणि मोकळा सिमेंट रस्ता वेगाला आमंत्रण देतो. खड्डे गेले म्हणून रस्ता सुरक्षित झाला, असे समजण्याचे कारण नाही.

आज सायकलींचा देश म्हणून ओळखला जाणारा नेदरलँड्सही जन्मतः तसा नव्हता. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० जण मृत्युमुखी पडले, त्यांत ४०० हून अधिक मुले होती. पालक रस्त्यावर उतरले, आंदोलने झाली आणि त्यानंतर रस्त्यांची आखणी बदलत गेली. नागपूरनेही या दिशेने पाऊल टाकलेले आहे. केंद्राच्या सायकलविषयक स्पर्धेत २०२१ मध्ये निवडल्या गेलेल्या ११ शहरांत नागपूर होते. मात्र रंगाचा पट्टा पावसाळ्यात पुसला जातो, त्यावर वाहने उभी राहतात. सायकल मार्ग टिकायचा असेल तर तो काँक्रीटच्या आराखड्यातच, उंचवट्याने किंवा झाडांच्या पट्ट्याने वेगळा केलेला असावा लागतो. बसथांब्यापाशी तो थांब्याच्या मागून जावा, म्हणजे बस आणि सायकल यांची गाठ पडत नाही.

सर्वाधिक धोका असतो चौकात. डावीकडे वळण्यासाठी मोठा गोलाकार मोकळा मार्ग ठेवला की वाहन वेग कमी न करता वळते आणि तेथेच पादचारी व सायकलस्वार सापडतात. वळणाचा कोपरा आखूड केला, ओलांडण्याची जागा पदपथाच्या पातळीला उचलून घेतली आणि मध्ये थांबायला सुरक्षित जागा दिली, तर वाहनाला वेग कमी करावाच लागतो. पोलिस हजर असो वा नसो, ही रचना आपले काम करते.

२४ मीटरची वाटणी

समजा, रस्त्याला २४ मीटर म्हणजे सुमारे ८० फूट रुंदी उपलब्ध आहे. दोन्ही बाजूंना अडीच मीटरचे पदपथ धरले तर पाच मीटर गेले. दोन मीटरचे दोन सायकल मार्ग म्हणजे चार मीटर. झाडे, दिवे आणि वाहिन्यांची चेंबर यांसाठी एकेक मीटरचे दोन पट्टे, दोन मीटर. उरले १३ मीटर. म्हणजे प्रत्येक दिशेला साडेसहा मीटर. त्यात बस आणि अन्य वाहनांसाठी दोन-दोन मार्गिका बसतात. अशी वाटणी केल्याने वाहनांची जागा फारशी कमी होत नाही. कमी होते ती बेशिस्तीची जागा. पट्ट्यांची रुंदी मात्र सर्वत्र सारखी हवी. तीन मार्गिकांचा रस्ता पुढे अचानक दोन मार्गिकांचा झाला की कोंडी तेथेच होते.

बंगळुरूमध्ये २०१५ च्या सुमारास 'टेंडरशुअर' नावाने काही मध्यवर्ती रस्ते याच तत्त्वावर बांधले गेले. वाहिन्या पदपथाखाली नेल्या, चेंबर दिली, मार्गिकांची रुंदी समान ठेवली, पदपथ ऐसपैस केले. खर्च नेहमीच्या रस्त्यापेक्षा बराच अधिक आला आणि श्रीमंती भागांवरच पैसा का, अशी टीकाही झाली. ती टीका चुकीची नाही. पण तिचे उत्तर स्वस्त आणि अर्धवट रस्ता हे नसून, हेच तत्त्व साध्या साहित्यात वाढत्या वस्त्यांमध्ये आणणे हे आहे. टिकाऊपणासाठी पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याचे उदाहरण दिले जाते. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या या रस्त्यासाठी कंत्राटदाराने दहा वर्षांची हमी दिली होती. रस्ता त्यानंतरही कित्येक वर्षे टिकला.

हरकतीही खऱ्या आहेत

दुकानदारांना गिऱ्हाइकाच्या गाडीची चिंता असते. पदपथ रुंद झाला की फेरीवाले बसतील, अशी शंका असते. अतिक्रमण काढल्याशिवाय २४ मीटर मिळत नाहीत आणि ते काढताना कोणाची तरी रोजीरोटी जाते. या हरकती बाजूला सारून चालणार नाही. पार्किंगसाठी ठराविक खण आणि फेरीवाल्यांसाठी २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार निश्चित जागा आराखड्यातच दाखवल्या, तर वाद काम सुरू होण्यापूर्वी मिटतात. आणि प्रत्येक रस्त्याला सायकल मार्गाची गरज नसते. ले-आऊटच्या आतील गल्ल्यांत वाहनांचा वेग आवरला तरी पुरते.

अर्धवट कामाची किंमतही आता न्यायालयीन हिशेबात आली आहे. खड्डे आणि उघड्या चेंबरमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला. पण भरपाई हा हिशेब मृत्यूनंतरचा. आराखडा हा त्याआधीचा.

काम सुरू होण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

आपल्या रस्त्यावर खडूच्या रेघा आणि मोजमापाची यंत्रे दिसू लागली की नागरिकांनी झोन कार्यालयात जाऊन काही गोष्टी विचारायला हव्यात. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे.

रस्त्याचा आडवा छेद दाखवणारा नकाशा कोठे पाहता येईल? त्यात पदपथ, सायकल आणि बसथांबा किती मीटरचे आहेत? मलवाहिनी, पावसाळी नाली आणि जलवाहिनी यांची कामे पूर्ण झाली आहेत का, की नंतर होणार आहेत? घरोघरीच्या जोडण्या आताच दिल्या जाणार का? आरपार जाणाऱ्या रिकाम्या नळ्या किती अंतरावर आहेत? रस्त्याची अंतिम पातळी आपल्या जोत्यापेक्षा वर आहे की खाली? पाणी कोणत्या नाल्यात जाणार? दोषदायित्वाचा कालावधी किती आणि त्या काळात खोदकामाला परवानगी कोण देणार?

या प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाली, तर काम चार महिने उशिरा सुरू झाले तरी बिघडत नाही. उत्तरे नसताना ओतलेले काँक्रीट मात्र घाईने वाळते आणि पुढची पिढी शाळेतून मोठी होऊन बाहेर पडेपर्यंत तसेच राहते. हुडकेश्वर मार्गावरून आज सायकलने शाळेत जाणाऱ्या मुलीची मुलेही कदाचित याच रस्त्याने शाळेत जातील. त्यांच्यासाठी दोन मीटरची जागा ठेवायची की नाही, हे ठरवण्याची वेळ काँक्रीट ओतण्यापूर्वीची आहे.